पाच वाजताची रांग

"यादी आली का जी?"

शाळेच्या फाटकाबाहेरून आवाज आला तेव्हा मी वर्गाच्या दारावर मतदान केंद्राचा क्रमांक चिकटवत होतो. खळीचा डबा खाली ठेवून मी वळून पाहिलं. फाटकापासून आठ-दहा पावलं दूर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला एक बाई उभी होती. पन्नाशीची असावी. अंगावर धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, दोन्ही हात पदराखाली.

"कसली यादी?" मी विचारलं.

"मतदानाची. माझं नाव हाय का तेवढं पाहून सांगा. सकाळी गर्दी होते."

त्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो. पंचायत समितीत कारकून म्हणून लागून दीड वर्ष झालं होतं आणि निवडणुकीचं काम आयुष्यात पहिल्यांदाच अंगावर आलं होतं. विधानसभेची निवडणूक होती. दुपारी ट्रकनं आम्हा चौघांना, दोन पेट्यांना आणि एका शिपायाला कोसारीच्या या शाळेत आणून सोडलं होतं. मतदान दुसऱ्या दिवशी होतं.

"इकडे या, बघतो," मी म्हणालो.

ती हलली नाही. "आमी तिकडच्या वस्तीतले," ती म्हणाली. "दवाखान्याचा दाखला हाय माझ्यापाशी. रोग जाऊन अठरा वर्सं झाली. पन मी दुरूनच बोलतो, तुमी काळजी करू नका."

गावापासून अर्ध्या कोसावर महारोग्यांची वस्ती होती, हे मला ट्रकमध्येच कळलं होतं. आमचे केंद्राध्यक्ष देवताळे सर, एका हायस्कूलचे हेडमास्तर, वाटेत म्हणाले होते, "गावाचं आणि वस्तीचं केंद्र एकच आहे. सांभाळून घ्यावं लागेल." काय सांभाळायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी यादी घेऊन फाटकाशी आलो. ती मागे सरकली नाही, पुढेही आली नाही.

"नाव?"

"गिरजा सखाराम धोटे."

चारशे सतरावा क्रमांक. मी मोठ्यानं वाचलं, "धोटे गिरजा सखाराम, स्त्री, वय बावन्न."

"पुन्हा एकडाव वाचा जी."

मी पुन्हा वाचलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. मला थोडं हसू आलं. काम उरकलं होतं, चहा यायचा होता, म्हणून मी तिथंच उभा राहिलो.

"बरीच हौस दिसते मतदानाची."

"एकबी चुकवलं नाही आजवर. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, समदं. पहिल्या निवडनुकीपासून. तवा शिक्का नोता, प्रत्येकाची वेगळी पेटी राहे."

"तेव्हा तर तुम्ही पोरसवदा असाल."

"वीस-एकवीस वर्सांची. बापानं घरातून काढलं त्याले दोन वर्सं झाली होती. काढलं अन् मांगून माझं तेरावं घातलं. मी जित्ती असताना." हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. "मंग वस्तीत एक मास्तर आला वही घेऊन. पुरं नाव सांग म्हने. म्या सांगतलं, गिरजा. बापाचं नाव? म्या म्हटलं, बाप तर म्हनते का मी मेली. तो म्हने, मी तुया बापाले नाही इचारत, तुले इचारतो. अन् लिवलं त्यानं, गिरजा सखाराम धोटे. घरी काई राहिलं नाही, देवळात जाता येत नाही, पन त्या कागदात बापाचं नाव माझ्या नावाले अजून जोडून हाय."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग मत कोणाला देता?"

"ते सांगत नसते जी," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग जायला वळता वळता थांबली. "त्या पेटीत गावच्या पाटलाचा कागद पडते अन् माझाबी पडते. आत गेल्यावर कोनता कोनाचा, कोनाले कळत नाही. तेवढ्या एका जागी आमी मिसळतो."

ती गेली. पदराखालचे हात तिनं तेव्हाही बाहेर काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबलं मांडत होतो तेव्हा ती फाटकाच्या आत रांगेत पहिली उभी होती. तिच्यामागे दहा हात जागा सोडून गावातल्या बायकांची रांग सुरू होत होती. वस्तीतली आणखी चार माणसं आली होती, पण ती बाहेरच थांबली होती. पेटी रिकामी असल्याचं उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून झालं, सील लागलं, आणि देवताळे सरांनी घड्याळ पाहून शिपायाला इशारा केला.

पहिल्या टेबलावर आमच्या चौघांतल्या कडू मास्तरांनी तिचं नाव पुकारलं. कोणी हरकत घेतली नाही. ती माझ्या टेबलाशी आली. शाई लावायची, मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर अंगठा घ्यायचा आणि मतपत्रिका फाडून द्यायची, हे माझं काम होतं.

तिनं डावा हात पदरातून काढून टेबलावर ठेवला. त्याला बोटं नव्हती. तळहाताच्या पुढं नुसते लहान लहान उंचवटे होते, गुळगुळीत, जुने. बोट नसेल तर शाई कुठं लावायची, ते प्रशिक्षणात आम्हाला वाचून दाखवलं होतं. मतदाराचा हात आपल्या हातात धरून, निरखून, मगच शाई लावायची असते, हेही सांगितलं होतं.

मी तो हात धरला नाही. काडी शाईत बुडवली आणि हात लांब करून वरूनच एक थेंब सोडला. थेंब घरंगळून मनगटाकडे गेला.

"नीट लावा जी," ती हळू आवाजात म्हणाली. "पसरून राहिली."

"पुरे झालं," मी म्हणालो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून काकडे उठला. भगवंत काकडे गावचा उपसरपंच, एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, "सर, हिनं धरलेला शिक्का आमच्या बायका हातात घेणार नाहीत. मागं दर वेळी ही माणसं चारनंतर आली. गावाचं आटोपलं की. आजच हिला घाई कशी झाली, माहीत नाही."

"तसा नियम नाही," देवताळे सर म्हणाले.

"नियम नाही. पण त्या पाहा, दोघी चालल्या."

रांगेतल्या दोन बायका खरंच फाटकाकडे निघाल्या होत्या. तिसरी पदर नाकाला लावून उभी होती. देवताळे सर उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला मतपत्रिका फाडू नको म्हणून खूण केली, कडू मास्तरांना म्हणाले, "यादीत खूण नंतर करा," आणि उठून तिच्याजवळ आले.

"बाई, तुमचा हक्क कोणी काढून घेत नाही. पण गावाचं मतदान मोडलं तर मला वर उत्तर द्यावं लागेल. तुम्ही वस्तीची माणसं चारला या. तोवर सावलीत बसा."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "बोलवाल ना जी?"

"हा बाबू बोलावेल," सर म्हणाले.

"बोलावतो," मी म्हणालो.

तिनं शाईचा हात पदराखाली घेतला आणि बाहेर गेली. काकडेनं रांगेतल्या बायकांना हाक मारली. दोघी परत आल्या.

रस्त्यापलीकडे चिंचेचं झाड होतं. माझ्या खुर्चीतून खिडकीच्या दोन गजांमधून ते नेमकं दिसायचं. झाडाखाली ते पाच जण बसले होते, ती आणि बाकी चौघं. घरी जाऊन चारला आले असते तरी चाललं असतं. पण ते गेले नाहीत. दुपारी ऊन फिरलं तसे ते सावलीबरोबर सरकले. एकदा कोणी तरी भाकरीचं फडकं सोडलं. एवढंच.

दुपारी दोनला केंद्र जवळपास रिकामं होतं. कडू मास्तर पेंगत होते. तेव्हाच वस्तीच्या माणसांना बोलावता आलं असतं. माझ्या मनात ते आलंही. पण सर जेवायला बसले होते आणि काकडे बाकावरच होता, म्हणून मी गप्प राहिलो. साडेतीनला शेतावरची माणसं परतू लागली आणि रांग फाटकाबाहेर गेली. चार वाजले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. काकडे म्हणाला, "सर, ही मजुरीवरून आलेली माणसं, दिवसभराची उभी. आता शिक्का तिकडे गेला तर निम्मी परत जातील."

"थोडं थांबू," सर म्हणाले.

थांबता थांबता पाच वाजायला आले. पाचच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, आणि मग कितीही उशीर झाला तरी त्यांचं मतदान करून घ्यायचं, हा नियम आहे. चिठ्ठीवर केंद्राध्यक्षाची सही असते. रांगेच्या शेवटापासून वाटत पुढं यायचं असतं, म्हणजे नंतर कोणी मागे घुसत नाही. सरांनी सह्या केलेला गठ्ठा माझ्या हातात दिला.

"निस्ताने, जा. आणि त्या वस्तीच्या लोकांनाही द्या. त्यांचं शेवटी घेऊ. काकडे काय म्हणायचं ते म्हणू दे."

मी बाहेर गेलो. चिठ्ठ्या वाटल्या. आत आलो.

"सगळ्यांना दिल्या?"

"दिल्या, सर."

पावणेसहाला शेवटचा माणूस मत टाकून गेला. सरांनी दाराकडे पाहिलं. "वस्तीचे?"

"गेले ते," मी म्हणालो. "कंटाळून गेले असतील."

सरांनी मान हलवली. पेटीच्या तोंडावर कागदी सील चिकटलं, लाख वितळवली. सामान ट्रकमध्ये चढवलं. मी मागच्या बाजूला पेटीजवळ बसलो होतो. ट्रक फाटकातून बाहेर निघाला तेव्हा मी शिपायाशी काहीतरी बोलत होतो. काय बोलत होतो ते आता आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं माझी बायको माहेराहून यायची होती, लग्नाला चारच महिने झाले होते, आणि पेटी लवकर जमा झाली तर मला तिला आणायला स्टँडवर जाता येणार होतं. मी गेलोही. वेळेवर पोहोचलो.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. तहसीलच्या निवडणूक शाखेत माझ्या ओळखीचा एक जण होता. त्याला मी म्हटलं, मला कोसारीचं केंद्र दे. तो म्हणाला, तिकडे कोणी मागून जात नाही, तू कशाला जातोस? मी म्हटलं, रस्ता ओळखीचा आहे.

या वेळी मी पहिल्या टेबलावर होतो. यादी माझ्या पुढ्यात होती. केंद्राध्यक्ष नवे होते, वीज मंडळातले, तरुण. सकाळी नऊच्या सुमाराला वस्तीतली बारा-पंधरा माणसं एकत्र आली आणि सरळ रांगेत उभी राहिली. मी काकडेकडे पाहिलं. तो बाकावर होता, केस पांढरे झालेले. त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. वस्तीनं दोन वर्षांपूर्वी भाजीपाला पिकवायला सुरुवात केली होती आणि गावात सगळ्यांच्या घरी त्यांचीच वांगी जात होती, असं मला नंतर कळलं. रांगेतल्या बायका थोड्या अंतरानं उभ्या राहिल्या, पण उभ्या राहिल्या. शिक्का या हातातून त्या हातात गेला. शाई लावणारी मास्तरीण प्रत्येकाचा हात धरून पाहत होती.

त्या माणसांत ती नव्हती.

यादीत तिचं नाव होतं. क्रमांक चारशे दोन, धोटे गिरजा सखाराम, स्त्री, वय सत्तावन्न. आजूबाजूच्या नावांखाली रेघा पडत गेल्या. चारशे एक झालं, चारशे तीन झालं. वस्तीतला एक म्हातारा मत टाकून निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, "गिरजाबाई असतात ना अजून?"

"हाय ना."

"आल्या नाहीत?"

"ते येत नाही," तो म्हणाला आणि काठी टेकत गेला.

दुपारी केंद्र रिकामं होतं तेव्हा यादी शेजारच्याकडे सोपवून मी केंद्राध्यक्षांना सांगून निघालो. पंधरा मिनिटांची वाट होती. वस्तीच्या शेवटच्या खोलीपुढं ओट्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि ती मनगटानं त्या परतवत होती. लुगडं वेगळं होतं. ती पुष्कळ वाळली होती.

"गिरजाबाई."

"कोन?"

"मागच्या वेळी शाळेत मी शाई लावली होती तुम्हाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबू." आणि पुन्हा मिरच्या परतवू लागली.

"चला माझ्याबरोबर. आता कोणी अडवत नाही. सगळे जाऊन आले."

"माहीत हाय मले. सकाळी येऊन सांगतलं त्याइनं."

"मग चला ना. तुमचं नाव आहे. मी पाहिलं."

मी ओट्याच्या कडेला बसलो. पाच वर्षं जे बोलायचं ठरवलं होतं ते त्या क्षणी तोंडात येईना. शेवटी म्हणालो, "मी घाबरलो होतो. वय लहान होतं. असं कधी पाहिलं नव्हतं."

"भेव सकाळी होतं, बाबू," ती म्हणाली. "तुमी शाई वरून टाकली तवा. त्याचं मले काई वाटलं नाही. भेव समद्याइले वाटते. संध्याकाळी तुमाले भेव नोतं. घाई होती."

मी पायाशी पडलेली एक मिरची उचलून ओट्यावर ठेवली.

"तुमी चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. मी उभी राहिली. बाकीच्याइले म्हटलं, उठा, आला बाबू. तुमी रांगेच्या शेवटाले गेले. मंग इकडं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं ना तुमी?"

"पाहिलं."

"किती चिठ्ठ्या उरल्या होत्या हातात?"

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. देवताळे सरांना नाही, बायकोला नाही. त्या मी शाळेच्या भिंतीआड फाडून खिशात घातल्या होत्या.

"सात," मी म्हणालो.

"आमी पाच होतो," ती म्हणाली.

वस्तीत कुठंतरी कोणी विहिरीवर पाणी ओढत होतं. रहाटाचा आवाज येत होता. तिनं एक मिरची बाजूला काढली, सडलेली होती.

"महिनाभर शाई होती मनगटावर," ती म्हणाली. "झिजता झिजेना. वस्तीत कोनीबी इचारे, गिरजाबाई, टाकलं का मत? मी म्हनो, हो, टाकलं. ते चौघंबी बोलले नाही कोनाले. आमाले लाज वाटे. चूक तुमची अन् लाज आमाले."

"मला माफ करा."

"माफी कायची." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मले वाटे, तिथं माणूस नाही, कागद हाय. कागदाले हातपाय नसते, तो कोनाचे हात पाहत नाही. मंग समजलं, कागदापाशीबी माणूसच बसला असते. त्याच्या मनात आलं तर आपन हाय. नाही आलं तर नाही."

"सगळी माणसं तशी नसतात. आज तिथं एक मास्तरीण आहे, ती..."

"असंल. चांगलीच असंल." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "जा तुमी. तिकडं खोळंबले असतील."

मी उठलो. दोन पावलं गेलो आणि परत फिरलो. "यादीत नाव राहू द्यायचं ना? कोणी काढायला आलं तर..."

तिचे हात थांबले. मी आलो तेव्हापासून पहिल्यांदाच ती थोडी घाबरल्यासारखी दिसली.

"नाव नका काढू जी," ती म्हणाली. "बापानं काढलं तेवढं पुरे. मी येवो न येवो, नाव राहू द्या."

"राहील," मी म्हणालो.

मी शाळेत आलो. माझ्या जागेवर बसलो. चार वाजले, साडेचार वाजले. दारात कोणाची सावली पडली की मी मान वर करत होतो. पाचला केंद्राध्यक्षांनी चिठ्ठ्या वाटायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं, फार माणसं नव्हती. मग दार लावून आम्ही हिशेबाला बसलो. यादीवरच्या खुणा मोजायचं काम माझं होतं. स्त्री मतदार चारशे अडतीस. मतदान केलेल्या तीनशे एक. न आलेल्या एकशे सदतीस. चारशे दोनवर माझं बोट जरा वेळ थांबलं आणि पुढं गेलं. त्या एकशे सदतीसांत काही मेलेल्या होत्या, काही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, काही आजारी, काहींना कंटाळा आला असेल. फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना एकच होता.

"जुळले का आकडे, निस्ताने?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"जुळले, सर," मी म्हणालो आणि सही केली.